पेखळ्यांची सायकल

दहावीचे पेपर तपासायला अकरा दिवस नाशकात.
वसतिगृहाचे वॉचमन पेखळे म्हणाले,
रिक्षाला कशाला पैसे घालता, मॅडम,
दिवसा मी झोपतो, ही नुसती उभी असते.
किल्ली दिली. वर तीन सूचना:
घंटी वाजत नाही, तोंडानं बोला.
उजवा ब्रेक दिसण्यापुरता.
आणि मालेगाव स्टँडच्या चढावर
लाजू नका. उतरा.

धर्माबादला चढ नसतो.
आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी
आणि मोंढ्यातले मिरचीचे ढीग.
इथं गाव आधी मांड्यांना कळतं,
मग डोळ्यांना.
चिवडेवाल्याला म्हटलं, केवढा चढ हो तुमच्या दारात.
कुठला चढ? म्हणाला.
वीस वर्षं स्कूटरवर.
चढ तिला ठाऊक असणार, त्याला नाही.

अशोकस्तंभाशी सगळे एकदम वळतात
हात न दाखवता, घरात ठरवून आल्यासारखे.
तिसऱ्या दिवशी कळलं,
लाल दिव्याकडे नाही, पुढच्याच्या खांद्याकडे बघायचं.
खांदा खोटं बोलत नाही.

रविवार कारंजावरून खाली
सायकल माझी राहत नाही.
सरका, सरका की, अहो काका!
नुकतंच डोकं भादरलेला एक माणूस
ओलं धोतर खांद्यावर टाकून मधोमध चालला होता.
बाजूला झाला. काही बोलला नाही.
पुलापर्यंत पोचल्यावर लक्षात आलं,
तो कुठून येत होता.

पुलावर कठड्याशी एक पाय टेकून थांबते.
केवढीशी आहे ही इथं!
काँक्रीटच्या काठांमधून चाललेली,
वेणी घट्ट घातलेली पोर.
आमच्याकडे येईपर्यंत अंग सुटलेलं असतं,
वाळूत बसत बसत चालते,
आणि धर्माबादच्या पुढं
दुसऱ्याच भाषेत निघून जाते.
कुणाला सांगू, हिला मी म्हातारपणी ओळखते?

भूगोलाच्या गठ्ठ्यात
कुठल्याशा गावच्या पोरानं लिहिलं होतं:
गोदावरी आमच्या घरामागून वाहते.
उत्तरपत्रिकेत ते बसत नव्हतं.
अर्धा गुण दिला.

सहाव्या दिवशी पेठ नाक्याला पंक्चर.
इद्रिस पिंजारींनी ट्यूब घमेल्यात बुडवली,
बुडबुड्यावर अंगठा ठेवून विचारलं, कुठल्या तुम्ही?
धर्माबादची.
हे कुठं आलं?
म्हटलं, ह्याच गंगेवर. खाली. लई खाली.
अंगठा तसाच ठेवून बघत राहिले.
मग म्हणजे आपलं पाणी पितात तुम्ही, म्हणाले,
आणि हसले थोडे, ओशाळल्यागत.
हवेचे पैसे घेतले नाहीत.
पंक्चरचे घेतले.

द्राक्षांच्या क्रेट लादलेला टेम्पो पुढं असला
की त्याच्या मागं मागं राहायचं,
धुरातूनही गोड वास येतो.
आठव्या दिवशी चढावर उतरले नाही.
कुणी बघितलं नाही. एका गाढवानं बघितलं.

दहाव्या दिवशी एक भली मोठी गाडी शेजारी आली,
काच खाली झाली:
ताई, सराफ बाजार?
मी सांगितलं, अगदी इथलीच असल्यासारखं,
दहीपुलाकडून घ्या, तिवंध्याचा चढ जड जातो,
आणि मग त्या बोळातून, डाव्या हाताला ओटा लागेल.
तो निघून गेल्यावर आठवलं,
त्या बोळातून माझं हँडल जेमतेम जातं.
अजून तिथंच असेल काय की.

किल्ली परत केली तेव्हा पेखळे डबा उघडत होते.
मग, काय काय बघितलं नाशिक?
काळाराम राहिला, लेणी राहिली,
सगळेच विचारतील ते सगळं राहिलं.
म्हटलं, चढ बघितले.
आणि उतार?
उतार कुठले बघताय,
ब्रेक धरून होते.

गाडीत खिडकीची जागा मिळाली.
डाव्या हाताची मूठ
परभणीपर्यंत उघडली नाही.